थारला साइड स्टेप बसवावी की रॉक स्लायडर?

आपण लिहिले आहे की गाडी तीन दारांची महिंद्रा थार आहे, ती महिन्यातून एक-दोनदा मावळातल्या कच्च्या वाटांवर आणि अधूनमधून कोकणात जाते, आणि सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आईंना तिच्यात चढणे अवघड जाते. दुकानदार साइड स्टेप, म्हणजे दाराखाली बसवायची पायरी सुचवतो, तर मित्र रॉक स्लायडरचा, म्हणजे गाडी दगडावर टेकली तर तिचा भार झेलणाऱ्या दाराखालच्या मजबूत पाइपचा आग्रह धरतात. माझ्याकडेही हीच गाडी आहे आणि मी या दोन्ही वस्तू एकामागून एक वापरल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

या दोन्ही वस्तू लांबून सारख्याच दिसतात, पण निवड दिसण्यावरून करू नये. ती गाडीच्या कोणत्या भागाला बांधली जाणार आहे आणि उद्या गाडी तिच्यावर टेकली तर ते वजन कुठे जाणार आहे, हे आधी विचारावे. थारला खाली शिडीसारखी पोलादी चासी आहे. इंजिन आणि एक्सल तिच्यावर आधारलेले असतात आणि बॉडी रबरी माउंटवर ठेवून तिला बोल्टने बांधलेली असते. दाराखालची पट्टी, जिला कारागीर सिल म्हणतात, ती या बॉडीचा भाग आहे आणि पत्रा दुमडून केलेली आहे. बाजारातल्या बहुतेक साइड स्टेप या सिलला किंवा हलक्या ब्रॅकेटवर बसवलेल्या असतात. माणसाने पाय ठेवावा एवढ्यासाठीच त्या असतात आणि ते काम त्या चांगले करतात. स्लायडर मात्र थेट चासीला बांधलेला असतो, कारण पावणेदोन टनांच्या घरातल्या गाडीचा मोठा भार काही क्षण त्याच्या एकट्यावर येणार, हे गृहीत धरूनच तो केलेला असतो.

हा फरक मला २०२१ च्या पावसाळ्यात कळला. मावळात एका परिचिताच्या शेताकडे जाताना ओढा ओलांडायचा होता. ओल्या कातळावरून डावे पुढचे चाक घसरले आणि घागरीएवढ्या धोंड्यावर साइड स्टेप टेकली. ती मोडली असती तर बरे झाले असते. तिचे ब्रॅकेट वर वळले, सिल दोन बोटे आत दबली आणि तिची कड दाराच्या खालच्या काठाला अशी भिडली की डावे दार उघडेना. पत्नीला माझ्या बाजूने उतरावे लागले. पुढे डेंटिंग, रंगकाम आणि दार पुन्हा बसवणे यांत स्टेपच्या किमतीहून जास्त पैसे गेले. दुकानदाराने ती स्टेप ‘ऑफ-रोडसाठीच’ म्हणून दिली होती.

दुसरा मुद्दा उंचीचा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी सांगितला जातो, पण हा आकडा सहसा सर्वांत खालच्या भागाचा, म्हणजे एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या (डिफरन्शियलच्या) आसपासचा असतो, आणि तो भाग धोंड्यांच्या मधून काढता येतो. उंचवट्यावरून जाताना टेकते ते गाडीचे मधले पोट. त्यासाठी रॅम्पओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता गाडी किती चढाच्या उंचवट्यावरून जाऊ शकते ते सांगणारा कोन, पाहावा लागतो. आपल्या थारचा तो २७ अंश आहे. पाच दारांच्या थार रॉक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर, २४५० वरून २८५० मिमी झाला, तसा तिचा कोन २३.९ अंशांवर आला. साइड स्टेप नेमकी दोन चाकांच्या मध्ये असते. ती सिलच्या खाली चार-सहा सेंटिमीटर लोंबत असेल, तर ज्या गोष्टीसाठी आपण ही गाडी घेतली तीच कमी होते. स्लायडर सिलला जवळजवळ चिकटून, किंचित वरच्या बाजूला तिरका बाहेर येतो, त्यामुळे हा तोटा फार थोडा होतो आणि गाडी दगडावरून खरोखर घसरत पुढे सरकते. कोकणातल्या जांभ्यावर मात्र ती तितकी सहज सरकणार नाही, कारण तो दगड कानशीसारखा खरखरीत असतो. तिथे चाके नीट ठेवण्याला पर्याय नाही.

तेव्हा आपल्यासाठी माझे उत्तर स्लायडर हेच आहे, पण तो कोणी कसा केला आहे यावर सारे अवलंबून आहे. मी माझा भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. पाइप दीड इंची, म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी व्यासाचा, आणि भिंतीची जाडी साडेतीन मिमीच्या आसपास असलेला सीमलेस (बिनजोड) घ्यावा. असा पाइप मीटरला साधारण चार किलो भरतो, म्हणून ब्रॅकेटसह जोडी ४० ते ५० किलोंची होते. कोणी १५ किलोंची जोडी ‘हेवी ड्युटी’ म्हणून दाखवत असेल तर ती हातात उचलून पाहावी आणि परत ठेवावी. दर बाजूला स्लायडर चासीला जोडणारे किमान तीन, शक्यतो चार पाय असावेत, प्रत्येकाचा भार चासीवर पसरण्यासाठी ६ मिमीची प्लेट असावी आणि बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे असावेत. चासीला थेट वेल्डिंग करू देऊ नये. त्या उष्णतेने पोलादावर परिणाम होतो, वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि वाकलेला स्लायडर काढून सरळ करण्याची सोयही उरत नाही. चासीच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, म्हणून काम चालू असताना स्वतः शेजारी उभे राहावे.

तयार झाल्यावर पैसे देण्याआधी एक चाचणी करावी. हँडब्रेक लावून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना अटकाव देऊन, स्लायडरच्या मध्यभागी जॅक लावावा आणि त्या बाजूची दोन्ही चाके जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचलावी. गाडीखाली कोणीही जाऊ नये. मग दार उघडून, बंद करून पाहावे. ते पूर्वीसारखेच हलके लागले आणि दार व सिल यांतली फट बदलली नाही, तर काम पक्के झाले असे समजावे. माझ्या गाडीवर ही फट मी पाच रुपयांचे नाणे सरकवून पाहिली होती.

आता आईंचा प्रश्न, जो माझ्या मते धोंड्यांहून महत्त्वाचा आहे. स्लायडर उंच बसतो, त्यामुळे पायरी म्हणून तो साइड स्टेपइतका सोयीचा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. स्लायडरचा बाहेरचा पाइप सिलपासून दहा-बारा सेंटिमीटर लांब ठेवून मधल्या जागेवर भोके पाडलेली प्लेट बसवून घ्या. नुसत्या गोल पाइपवरून ओली चप्पल हमखास घसरते, आणि सपाट प्लेटवर चिखल साचतो. माझी आई नऊवारी नेसते. तिच्यासाठी मागे वीतभर उंचीचे एक लोखंडी स्टूल असते. ते ठेवले की ती आधी स्टुलावर, मग प्लेटवर, आणि दाराजवळच्या हँडलला धरून आत, अशी कोणाच्या आधाराविना बसते. आपोआप उघडणाऱ्या विजेवरच्या स्टेपचा विचार असेल तर तो सोडावा, कारण आपल्याकडच्या लाल-काळ्या चिखलात तिचे सांधे अडकतात. मात्र वर्षातले बहुतेक दिवस गाडी शहरातच राहणार असेल आणि ओढे-धोंडे हा केवळ मनातला बेत असेल, तर चांगली साइड स्टेप घ्यावी. त्यात काहीही कमीपणा नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर मर्यादा घालते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्डवर, म्हणजे गाडीला बाहेरून लावलेल्या लोखंडी कठड्यांवर, कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे, आणि स्लायडर चाकांवरच्या आर्चच्या बाहेर डोकावू देऊ नये, कारण शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पायाला तो लागू शकतो.

कोकणातल्या फेऱ्यांमुळे गंजाचाही विचार करावा लागेल. पाइपची टोके बंद आणि खाली पाणी निघायला छोटी भोके असावीत. पावडर कोटिंगपेक्षा मी प्राइमर आणि साधा काळा रंग पसंत करतो, कारण दगडाने खरवडलेला भाग घरीच पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंगवता येतो. पहिल्या कच्च्या फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. माझे दोन ढिले निघाले होते.