प्रादेशिक क्रीडा वाहिनी बुडाली की कॉलेजचे सामने कुठे जातात?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आलात, इथल्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या दिवाळखोरीत गेल्याच्या बातम्या वाचल्या, तर आता कॉलेज कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या गटांचे, सामने टीव्हीवर कमी दिसणार का आणि केबल घ्यावी का.

मी याच राज्यात कॅरीला राहतो, तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर. या प्रश्नावर गप्प बसवत नाही, कारण आमच्या घरी एक अख्खा हिवाळा या भानगडीत गेला.

माझे बाबा नागपूरला शाळेत पीटीचे सर होते. आई गेल्यावर २०१७ मध्ये ते आमच्याकडे आले. आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना एसीसीच्या, म्हणजे इकडच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, बास्केटबॉलचा नाद लागला. इथल्या ड्यूक किंवा कॅरोलायना विद्यापीठाचा नव्हे, व्हर्जिनियाचा. टोनी बेनेट प्रशिक्षक होते तेव्हा हा संघ बचावासाठीच ओळखला जायचा. पाचही पोरं आत सरकून रिंगकडे जाणारी वाट अडवायची. बाबांनी तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं होतं, आधी पाय हलवा, मग हात. मार्च २०१८ मध्ये हा संघ अव्वल मानांकन असूनही राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत यूएमबीसी या विद्यापीठाकडून ७४-५४ असा हरला, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुढच्या वर्षी तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला, त्या रात्री त्यांनी मला झोपेतून उठवलं.

त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा, प्रत्येक खेळाडूच्या नंबरापुढे फाउलच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी. आणि रिमोटच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने ‘४७’. ती प्रादेशिक क्रीडा वाहिनी. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. मोठे सामने ईएसपीएनवर असायचे, पण मधल्या वारी बॉस्टन कॉलेज, क्लेमसन, वेक फॉरेस्ट यांचे सामने लागायचे ते ४७ वर. जेवण आटोपलं की बाबा वही घेऊन बसायचे.

२०२० च्या उन्हाळ्यात मी केबल काढली. आमचे साडू सिअॅटलला असतात. ते म्हणाले, ‘केबलला आता कोण पैसे देतं? सगळं स्ट्रीमिंगवर येतं, महिन्याचे ४० डॉलर वाचव.’ ज्या सेवेवर गेलो तिच्या यादीत ती प्रादेशिक वाहिनी होती, मी स्वतः बघून घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्या सेवेची आणि वाहिनीच्या मालकांची पैशांवरून बोलणी फिसकटली आणि वाहिनी यादीतून गेली. बास्केटबॉलचा मोसम सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले होते.

तो कोरोनाचा हिवाळा होता. बाबा ७८ वर्षांचे. देवळात जाणं बंद, मंडळाचे कार्यक्रम बंद, तळ्याभोवतीचं फिरणंही आम्ही बंद केलेलं. रिकाम्या स्टेडियममध्ये पुठ्ठ्याची माणसं खुर्च्यांवर उभी करून सामने चालले होते. जे सामने ईएसपीएनवर लागले ते त्यांनी पाहिले. बाकीच्यांच्या रात्री मी फोनवर स्कोअर वाचून दाखवायचो आणि ते विचारायचे, ‘फाउल किती झाले?’ नव्या रिमोटला आकडेच नव्हते, चार बाण आणि एक गोल बटण. चिकटपट्टीवाला जुना रिमोट त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. परत केबल घ्यावी असं मला नोव्हेंबरातही वाटलं, जानेवारीतही वाटलं. घेतली नाही. विमानं नीट सुरू झाल्यावर २०२१ च्या दिवाळीआधी बाबा नागपूरला ताईकडे परत गेले.

आता तुमच्या प्रश्नाचं. लोकांची समजूत अशी की सामने वाहिनीचे असतात, वाहिनी गेली की सामने गेले. तसं नसतं. एसीसीने २०१० च्या करारात आपले सगळे हक्क ईएसपीएनला दिले. ईएसपीएनने त्यातले काही शार्लटच्याच रेकॉम कंपनीला दिले. रेकॉमने त्यातले काही फॉक्सच्या प्रादेशिक वाहिन्यांना दिले. म्हणजे बाबांचं ४७ हे पोटभाडेकरूच्या घरातली खोली होतं. पोटभाडेकरू बुडाला म्हणून वाडा पडत नाही, पण त्या खोलीत राहणाऱ्याचं सामान मात्र रस्त्यावर येतं.

हा पोटभाडेकरू, म्हणजे या प्रादेशिक वाहिन्यांची कंपनी, बुडाला तो कर्जापायी. डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग घेतला, तेव्हा मक्तेदारी नको म्हणून अमेरिकी सरकारने २२ प्रादेशिक क्रीडा वाहिन्या विकायला लावल्या. त्यातल्या २१ वाहिन्या २०१९ मध्ये सिंक्लेअरने सुमारे १० अब्ज डॉलरला घेतल्या, तेही बहुतेक उसन्या पैशावर. हा धंदा चालायचा तो केबलच्या बिलावर: खेळ बघणारा असो वा नसो, प्रत्येक घरातून दरमहा काही डॉलर वाहिनीला मिळायचे. घरं केबल सोडू लागली, पैसा आटला, कर्ज तसंच राहिलं. मार्च २०२१ मध्ये वाहिन्यांचं नाव बॅली स्पोर्ट्स झालं, मार्च २०२३ मध्ये ८ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज डोक्यावर घेऊन त्या चालवणाऱ्या सिंक्लेअरच्या उपकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहिन्यांचं नाव फॅनड्यूएल झालं. बेसबॉल, एनबीए, हॉकीच्या संघांचे यात हाल झाले, कारण त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच वाहिन्यांवर उभा होता. कॉलेज कॉन्फरन्सचं तसं नव्हतं. मोठ्या कॉन्फरन्सनी आपला चांगला माल आधीच काढून स्वतःच्या वाहिन्यांवर नेला होता: बिग टेनने २००७ मध्ये, एसईसीने २०१४ मध्ये, एसीसीने ऑगस्ट २०१९ मध्ये. दक्षिणेत सीएसएस नावाची एक प्रादेशिक वाहिनी होती, ती एसईसी नेटवर्क आलं त्याच वर्षी बंद पडली. म्हणजे आधी कॉन्फरन्सनी प्रादेशिक वाहिन्यांच्या ताटातून वाढलेलं उचललं, कर्जाने त्या मेल्या नंतर.

आणि एसीसीच्या त्या उरलेल्या सामन्यांचं काय झालं? दिवाळखोरीचा अर्ज मार्च २०२३ मधला. जुलैमध्ये रेकॉमने तेच सामने द सीडब्ल्यूला दिले. वर्षाला ५० सामने: अमेरिकन फुटबॉलचे १३, पुरुष बास्केटबॉलचे २८, महिला बास्केटबॉलचे ९, करार २०२६-२७ पर्यंत. सीडब्ल्यू हवेतून, म्हणजे साध्या अँटेनावर येते. केबल नको, वर्गणी नको, पासवर्ड नको. जे बघण्यासाठी मी महिन्याला पैसे मोजत होतो आणि जे माझ्या बाबांना मिळालं नाही, ते वाहिनी बुडाल्यावर फुकट झालं.

हे कळलं त्या आठवड्यात मी चपटा अँटेना आणला आणि दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवला. त्या खिडकीत सीडब्ल्यू फुटत होती, म्हणून जिन्याजवळच्या खिडकीला लावला. बायको टीव्हीपाशी उभी राहून ‘आलं, आलं, गेलं, आलं’ सांगत होती. नागपूरला गच्चीवर बाबा अँटेना फिरवायचे आणि मी खालून हेच ओरडायचो.

तेव्हा थेट सांगतो: प्रादेशिक वाहिन्या मेल्या याचं मला जराही दुःख नाही. न बघणाऱ्या शेजाऱ्याच्या बिलातून पैसे घेऊन त्या जगल्या आणि बघणाऱ्याला ओलीस धरून भाव वाढवत राहिल्या. सामने कमी होणार नाहीत. पूर्वी कधी न दिसणारे सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉलचे म्हणजे सॉकरचे सामनेसुद्धा आता विद्यापीठं स्वतःच्या कॅमेऱ्यांवर, बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या हातून, दाखवतात. मात्र सगळं विखुरलंय. काही ईएसपीएनवर, काही एसीसी नेटवर्कवर, काही त्याच्या जोडीच्या ऑनलाइन सेवेवर, काही सीडब्ल्यूवर. एकच नंबर दाबला की झालं, हे संपलं, आणि त्याची किंमत म्हाताऱ्या माणसांनी मोजली.

आमचे साडू अजून म्हणतात, ‘बाबांना फोनवर बघायला शिकवायला हवं होतंस.’ गेल्या गणपतीत पुन्हा म्हणाले. त्यांना तेव्हा दिलं नाही ते उत्तर इथे देतो. ७८ वर्षांच्या माणसाला दहा फुटांवरच्या टीव्हीवर खेळाडूचा नंबर दिसतो, फोनच्या पडद्यावर तो दिसत नाही आणि फाउल कुणाचा ते कळत नाही. शिवाय ‘सगळं स्ट्रीमिंगवर येतं’ हे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या दाराशी काय झालं ते बघावं. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ कॉन्फरन्सने ऑगस्ट २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीच्या सात वाहिन्या काढल्या, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. भागीदार घेतला नाही. डायरेक्टीव्ही या मोठ्या उपग्रह-टीव्ही सेवेने त्या कधीच दाखवल्या नाहीत. इतर कॉन्फरन्सच्या मानाने पैसा कमी आला, विद्यापीठं एकेक करून निघाली, साडूंच्या गावचं वॉशिंग्टन विद्यापीठसुद्धा बिग टेनमध्ये गेलं, आणि ३० जून २०२४ ला सगळ्या सात वाहिन्या बंद झाल्या. तिथे स्ट्रीमिंगने काही वाचलं नाही, कॉन्फरन्सच फुटली. माध्यम कुठलं यावर काही ठरत नाही. करार कोणाशी आणि किती घरांत पोहोचणारा, यावर ठरतं. एसीसीचं नशीब की शेवटचा दुवा तुटल्यावर पुढे फुकटची वाहिनी उभी होती.

माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक कॉन्फरन्सने आठवड्याला एक तरी सामना हवेतून फुकट दाखवलाच पाहिजे. या राज्यात एसीसी घराघरांत गेली ती तशीच. १९५७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कॅन्ससला तीन जादा डावांनंतर ५४-५३ असं हरवलं, ते सी. डी. चेस्ली या माणसाने इथल्या साध्या टीव्ही केंद्रांवर दाखवलं. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, एसीसी स्पर्धेच्या शुक्रवारी बाई वर्गात चाकांवरचा टीव्ही ढकलत आणायच्या. बाबांना ही गोष्ट फार आवडायची.

एक राहिलं. हे सगळं एसीसीपुरतं खरं धरा. मिझुरी व्हॅलीसारख्या लहान कॉन्फरन्सचा हिशेब निराळा, त्यांना प्रादेशिक वाहिनीचा आधार जास्त वाटायचा. तुम्हाला एनबीएचा हॉर्नेट्स संघही बघायचा असेल तर माझा सल्ला अपुरा आहे. आणि अँटेना घेण्याआधी तुमच्या घराच्या कुठल्या बाजूला मनोरे आहेत ते बघा, झाडी दाट असेल तर चपटा चालत नाही. ईएसपीएन लागणारच, ते महिन्याच्या वर्गणीवर घेऊन एप्रिलमध्ये बंद करता येतं.

शनिवारी दुपारी बारा वाजता सीडब्ल्यूवर सामना असला की नागपूरला रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून टीव्हीकडे तोंड करून ठेवतो. चित्र हलतं, त्यांना चेंडू दिसत नाही. पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो आणि मग बाबा विचारतात, ‘शिटी वाजली ना आत्ता? कोणाच्या नंबरावर?’ मी नंबर सांगतो.