टॉवरचं ड्रॉइंग बाजूला ठेव आधी

पुण्यात एसीत बसून भारतातून नेपाळला वीज नेणारी उच्चदाबाची लाईन डिझाईन करायची म्हटल्यावर धडधडणारच. आमचंही तेच झालं होतं. सुरुवातीला एवढंच बघ:

१. दोन्ही टोकांची सबस्टेशनं, म्हणजे विजेचा दाब बदलून ती पुढे पाठवणारी केंद्रं. नवखी मंडळी थेट टॉवरला भिडतात. बिहारमधलं मुझफ्फरपूर ते नेपाळमधलं ढल्केबर ही लाईन बांधली ४०० केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब), पण २०१६ मध्ये चालू झाली १३२ वर, कारण पलीकडचं सबस्टेशनच तयार नव्हतं. रस्ता झाला, पण घराला दार नाही!

२. दोन्ही ग्रिड, म्हणजे दोन्ही देशांची वीजजाळी, एकाच तालात धावणार की नाही? नेपाळ आपल्या ग्रिडशी ताल धरून चालतं, त्यामुळे साधी एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाची) लाईन पुरते. बांगलादेशचं तसं नाही. तिथे भेरामाराला २०१३ मध्ये बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी स्टेशन (एका ग्रिडची एसी वीज डीसी करून तिथेच दुसऱ्या ग्रिडसाठी पुन्हा एसी करणारं) बसवलं, सुरुवातीला ५०० मेगावॉटचं. हे ठरल्याशिवाय पुढचा हिशेब करू नकोस.

३. सीमेवरचा जोडबिंदू. दोन देश, दोन ठेकेदार, दोन सर्व्हे. कोऑर्डिनेट एकाच पद्धतीत आहेत का, हे स्वतः तपास. माझ्या पहिल्या कामात, तेही साध्या जिल्ह्याच्या हद्दीवर, दोन नकाशांतल्या फरकामुळे एक टॉवर चक्क विहिरीत उतरला होता. शेतकरी हसत होता, आम्ही नाही.

आणि झोळ, म्हणजे दोन टॉवरमध्ये तार खाली लोंबते ती! थंडीच्या सकाळी तार ताठ दिसते, पण मे महिन्यात पूर्ण लोडवर ती खाली येते. ४०० केव्हीला आपल्याकडे जमिनीपासून किमान ८.८४ मीटर लागतात, तेही सर्वांत तापलेल्या तारेला.

इन्सुलेशन कोऑर्डिनेशन (कुठलं इन्सुलेशन किती दाब सोसेल याचा मेळ) वगैरे आत्ता नको. एकदा चाकणकडे जाऊन लाईनखाली उभा राहा, झोळ डोळ्यांनी बघ.