१० दिवसांची आणि दोन महिन्यांची पिल्लं एकाच खुराड्यात ठेवली तर चालतील का?

नाही हो, लगेच नका ठेवू. मोठी पिल्लं टोचून टोचून बारक्यांना बेजार करतात आणि खाण्याजवळ फिरकू पण देत नाहीत, शिवाय मोठ्यांच्या विष्ठेतून कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) लागायची भीती वेगळीच. मधे बारीक भोकांची जाळी टाका, एकमेकांना दिसली पाहिजेत पण चोच पोचता कामा नये. साईज जवळपास सारखी झाली की मग सोडा, ते पण संध्याकाळी अंधार पडताना, तेव्हा भांडणं कमी होतात.

बारक्यांना ऊब लागते, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री, पुढे दर आठवड्याला ३ डिग्रीने कमी. मुंबईच्या मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवा, आम्ही भांडुपला चाळीच्या गॅलरीत चालू ठेवला होता तर सगळी पिल्लं चोच उघडी टाकून कोपऱ्यात धापा टाकत बसलेली. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर गरम होतंय, थर्मामीटरची पण गरज नाही.

खायला दोघांना चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, चालतं. लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) मात्र अंडी सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण १८ आठवडे, अजिबात नको, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या किडनीला झेपत नाही. पाण्याचं भांडं उथळ, आत चार गोट्या टाका, नाहीतर बारकी बुडतात.

पावसाळ्यात खालचा भुसा हातात दाबून बघा, गोळा झाला की लगेच बदला. आणि जाळी जाड तारेची घ्या, आपल्याकडच्या घुशी प्लॅस्टिकची आरामात कुरतडतात.