आई-वडिलांच्या आरोग्य विम्याची वजावट

भाऊ, आधी करप्रणाली बघा. ही वजावट जुन्या प्रणालीतच मिळते, आणि आपण निवड केली नाही तर नवीच लागू होते.

जळगावकडे राहणाऱ्या आई-वडिलांपैकी एकाचं वय ६० झालं असेल तर त्यांच्या विम्याच्या हप्त्यावर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०डी कलमाखाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट, तुमच्या कुटुंबाच्या २५,००० पेक्षा वेगळी. सासू-सासरे यात येत नाहीत.

बरेच जण चुकतात ते इथे: केळीच्या विक्रीचे रोख पैसे हप्ता म्हणून एजंटाच्या हातावर टेकवले की वजावट गेली. यूपीआय किंवा चेक, आणि तोही तुमच्याच खात्यातून. रोख फक्त प्रतिबंधक तपासणीला चालते, ५,००० पर्यंत, तीही याच मर्यादेत धरून. अनेक वर्षांचा हप्ता एकरकमी भरला तर तो विम्याच्या आर्थिक वर्षांत सारखा वाटून दाखवा.

पॉलिसीच नाही? ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा खर्च चालतो, बिलं जपा.