नटीला टोपणनाव घेता येत नाही

तुमचा प्रश्न: १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत गेलेल्या अभिनेत्रींचं काम नेमकं कसं थांबायचं? गुणी असेल तर काम मिळतंच ना?

ते दुसरं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ते नेहमी डाल्टन ट्रंबो या काळ्या यादीतल्या हॉलिवूड पटकथाकाराच्या जिवावर फेकलं जातं. त्याने टोपणनावाने लिहून ऑस्कर मिळवलं, मग बाकीच्यांचं काय अडलं होतं? अहो, तो लेखक होता. लेखकाला दुसऱ्याच्या नावाने कागद पाठवता येतात. नटीने काय पाठवायचं?

ली ग्रँट घ्या. १९५१ चा 'डिटेक्टिव्ह स्टोरी', पोलीस ठाण्यात आणलेल्या भुरट्या चोरणीची छोटी भूमिका. तेवढ्यावर ऑस्करचं नामांकन आणि १९५२ ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. दरम्यान जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग हा नट वारला. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीच्या ससेमिऱ्याने त्याचा जीव घेतला, असं ती शोकसभेत बोलली. झालं. पुढची सुमारे १२ वर्षं हॉलिवूड आणि टीव्ही तिला जवळपास बंद. समितीला तिच्याकडून नवऱ्याविरुद्ध साक्ष हवी होती, ती तिने दिली नाही. नवरा आर्नल्ड मॅनॉफ, पटकथाकार, तोही यादीत. पण तो 'जोएल कारपेंटर' नावाने टीव्हीला लिहीत राहिला. म्हणजे नवऱ्याचे शब्द टीव्हीवर चालत होते, बायकोचा चेहरा चालत नव्हता. ट्रंबोवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता यंत्रणा. आपल्याकडे आणीबाणीत किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवर बंद झाली, तो सरकारी बडगा होता. तिकडे तसा लेखी हुकूम नव्हता. समिती सरकारी, पण काम तोडायचे खासगी लोक. टीव्हीचा कार्यक्रम बहुतेक वेळा एकाच प्रायोजकाच्या पैशावर चालायचा, त्यामुळे तो घाबरला की खेळ खलास. जून १९५० ला 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका आली. त्यात १५१ नावं, आणि प्रत्येक नावाखाली कुठल्या सभेला गेली, कुठल्या पत्रकावर सही केली, याची जंत्री. मग भूमिका ठरवणारा माणूस नावं वर कळवायचा आणि उत्तर यायचं: हो किंवा नाही. कारण विचारायची सोय नव्हती. नटीला सांगायचे, या भूमिकेला तुम्ही शोभत नाही. यादी आहे हेच कुणी कबूल करत नसल्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

प्रायोजक का घाबरायचे? सिराक्यूजचा लॉरेन्स जॉन्सन हा काही सुपरमार्केटांचा मालक. तो कंपन्यांना कळवायचा की तुम्ही 'लाल' कलाकार घेतलेत, तर तुमच्या मालाशेजारी तशी पाटी लावीन. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्याला एवढं पुरे. जीन म्यूर या नटीला १९५० च्या ऑगस्टमध्ये 'द ऑल्ड्रिच फॅमिली' या टीव्ही मालिकेतून काढलं, ते मोजक्याच फोन-तारांवर. ती कम्युनिस्ट आहे असं प्रायोजक म्हणालाच नाही. ती 'वादग्रस्त' आहे, एवढंच.

नावात घोटाळे तर विचारू नका. नॅन्सी डेव्हिस नावाच्या नटीचं नाव दुसऱ्याच नॅन्सी डेव्हिसमुळे गोत्यात आलं, म्हणून ती १९४९ मध्ये नटांच्या संघटनेच्या अध्यक्षाकडे गेली. अध्यक्ष रोनाल्ड रेगन. पुढे लग्नच झालं.

सुटायचा रूढ मार्ग एकच, दुसऱ्यांची नावं द्या. ते नको असेल तर रंगभूमी. ब्रॉडवेला साबणवाला प्रायोजक नसतो, गल्ला तिकिटांवर भरतो, आणि नाट्य कलावंतांची संघटनाही यादीच्या विरोधात होती. ग्रँटने नाटकं केली, अभिनय शिकवला.

परतल्यावर तिला 'पेटन प्लेस' या टीव्ही मालिकेसाठी १९६६ ला एमी (टीव्हीचा पुरस्कार) आणि 'शॅम्पू' सिनेमासाठी १९७६ ला ऑस्कर मिळालं. "बघा, मिळालंच ना!" म्हणणाऱ्यांनी तिचं वय मोजावं. पंचविशी ते चाळिशीचा उंबरठा, सिनेमात नटीला नायिकेची कामं मिळतात ती हीच वर्षं.

एक दुरुस्ती करतो. सिनेमा अगदी शून्य नव्हता: १९५५ चा 'स्टॉर्म फिअर' आणि १९५९ चा 'मिडल ऑफ द नाइट' तिच्या नावावर आहेत. आणि भांडायला कुणी उभंच राहिलं नाही असंही नाही: यादीत अडकलेल्या रेडिओवाल्या जॉन हेन्री फॉकने १९५७ ला याद्या चालवणाऱ्यांवर दावा ठोकला, तेव्हा १९६२ मध्ये ज्यूरीने त्याला ३५ लाख डॉलर दिले. अपिलात ते साडेपाच लाखांवर आले.