पेपरात कळत नाही, घरात बसल्यावर कळतं

ताई, तुमच्या तालुक्यात चाळीसेक आशा सेविकांचं प्रशिक्षण झालंय. बाळंतिणीच्या घरी जाऊन सवयी बदलायला लावणारं बोलणं त्यांना जमतं का, हे पाहायला कार्यालयाने पन्नास गुणांचा पेपर काढलाय. तो पुरेल का, असं तुम्ही विचारलंत.

नाही पुरणार. पहिल्या तासात स्तनपान, सहा महिने फक्त आईचं दूध, दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी, हे बहुतेकींना पाठ असतं. वैद्यकीय शिक्षणातल्या जॉर्ज मिलर यांनी १९९० साली चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, रोजच्या कामात करते. पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो.

मी बरीच वर्षं हे प्रशिक्षण देतेय, तरी दोन भेटी विसरत नाही. एका घरी सात दिवसांचं बाळ, आजी सहाणेवर घुटी उगाळत बसलेली. पेपरात पहिली आलेली आशा म्हणाली, "आजी, घुटी द्यायची नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही." आजी "बरं" म्हणाल्या. आम्ही अंगणात चप्पल घालत होतो तोवर आत पुन्हा उगाळल्याचा आवाज.

दुसऱ्या गावात, जेमतेम पास झालेली आशा आजीशेजारी जाऊन बसली. "कशासाठी देताय हो?" "रात्रभर रडतं गं, पोट दुखत असंल." यावर तिने काही सांगितलंच नाही. सुनेला बाळ पाजायला घेऊ दे म्हणाली. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जात होतं. तिने बाळ कसं धरायचं ते दाखवलं, पाजल्यावर ढेकर काढायला आजींनाच दिलं. मग म्हणाली, "चार दिवस घुटी थांबवून बघू या का? रडलं तर मला बोलवा, मी परवा येतेच." आजींनी सहाण उचलून फळीवर ठेवली.

म्हणून गृहभेटी प्रत्यक्ष पाहा, आणि पाहताना भरायच्या तुमच्या तक्त्यात हे उतरलं पाहिजे. 'संवाद कौशल्य: चांगले / मध्यम' असा रकाना ठेवू नका, प्रत्येकजण त्यात वेगळं भरतो. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल तेवढंच लिहा: कारण विचारलं का, उत्तर पूर्ण होऊ दिलं का, घरात निर्णय घेणाऱ्या बाईशी बोलली का, करता येईल असं एखादं लहान काम ठरवलं का, पुन्हा कधी येणार ते सांगितलं का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या १९९३ सालच्या स्तनपान समुपदेशन प्रशिक्षणात ऐकण्याची कौशल्यं छान सुटी करून दिली आहेत, ती पाहा. सुरुवातीच्या पाच-सहा भेटींत पाहणाऱ्या दोघींनी वेगवेगळे तक्ते भरून ताडून बघा. जिथे जुळत नाही ते वाक्य बदला.

प्रत्येकीच्या निदान तीन भेटी पाहा. पहिल्या भेटीत ती तुमच्याकडे बघून बोलते. आत जाण्याआधी आईची परवानगी घ्या आणि मधे बोलू नका. फक्त बाळ थंड पडलेलं दिसलं किंवा दूध ओढत नसलं, तर तक्ता बाजूला ठेवून लगेच दवाखान्याचं बघा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. घरात सवय बदलली की नाही, यावर आशाला गुण देऊ नका. आई ऊसतोडीला गेली, बाळ आजीपाशी राहिलं, तर सहा महिने निव्वळ स्तनपान कुठल्याही समुपदेशनाने होत नाही. किती घरांत सवय बदलली तो आकडा कार्यक्रमासाठी वेगळा ठेवा. आणि हे गुण मोबदल्याला जोडू नका, नाहीतर तुमच्यासमोर ती अवघड घरं टाळेल.

पाहिलेलं त्याच दिवशी, परत येताना वाटेतच तिला सांगा. आधी तिलाच विचारा, "तुला काय वाटलं?" बऱ्याचदा चुकलेली जागा ती स्वतःच सांगते.