वाचकांचे प्रश्न : ईएल३४, ६एल६ की केटी८८?

प्रश्न : माझ्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चार ईएल३४ (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॅक्यूम ट्यूब) आहेत, पुश-पुल जोडणी (जोडीतल्या दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात), प्लेटवर, म्हणजे ट्यूबच्या धन टोकावर, ४२० व्होल्ट. त्याच सॉकेटमध्ये केटी८८ बसतात असं ऐकलं. लावल्या तर पॉवर किती वाढेल?

बसतात, आणि पॉवर जवळपास वाढत नाही. पॉवर ठरते ती प्लेटच्या व्होल्टेजवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधला) प्रायमरी लोडवर, म्हणजे तो ट्यूबला जेवढा रोध दाखवतो त्यावर. ईएल३४ च्या जोडीसाठी हा लोड बहुधा ६.६ किलोओहमच्या आसपास असतो. केटी८८ चा दम काढायचा तर ४ ते ५ किलोओहमचा ट्रान्सफॉर्मर आणि जास्त व्होल्टेज हवं. ही दोन्ही तशीच ठेवून नुसती ट्यूब बदलली, तर फरक कानाला लागेलच असं नाही. अगदी ३५ वॉटचे ५० वॉट झाले तरी वाढ दीड डेसिबलचीच.

तरीही लावायच्या असतील, तर आधी हिशेब करा. हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) ईएल३४ ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर घेते, केटी८८ १.६ अँपिअर. चार ट्यूबना ६ ऐवजी ६.४ अँपिअर लागतील; बरेच ट्रान्सफॉर्मर एवढं सोसतात. खरी अडचण प्लेटच्या करंटची. ईएल३४ ची प्लेट २५ वॉटची. ७० टक्क्यांवर चालवली तर १७.५ वॉट, भागिले ४२० व्होल्ट, म्हणजे ४२ मिलिअँपिअर. केटी८८ ची मर्यादा ३५ वॉट धरून तेच गणित केलं की ५८ येतात. चार ट्यूबचे झाले २३२ मिलिअँपिअर, त्यात ड्रायव्हर ट्यूबचा (पॉवर ट्यूबना सूर पुरवणाऱ्या छोट्या ट्यूबचा) खर्च वेगळा. तुमच्याकडे जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असेल तर त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर आहे. गाणं सुरू होण्याआधीच तो काठावर आलेला असेल.

म्हणून केटी८८ लावल्या तरी बायस (गाणं नसताना वाहणारा स्थिर करंट) ४२ ते ४५ मिलिअँपिअरलाच ठेवा. ट्यूब निम्म्या ताकदीवर चालतील आणि बरीच वर्षं टिकतील. त्यासाठी ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) उणे ५० व्होल्टच्या आसपास लागतील. ईएल३४ ला उणे ३५ ते ४० पुरतात. बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) तिथवर पोचतो का, हे ट्यूब न लावता सॉकेटच्या ५ नंबर पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मोजून बघा. पोचत नसेल तर विषय तिथेच संपला. एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते : ईएल३४ ची काच जेमतेम ३३ मिमी रुंद, केटी८८ ५२ मिमीपर्यंत जाते. शेजारच्या ट्यूबला किंवा ट्रान्सफॉर्मरला ती टेकता कामा नये.

प्रश्न : माझा अ‍ॅम्प्लिफायर चार ६एल६जीसी वर चालतो. त्यात ईएल३४ लावल्या तर?

मी लावणार नाही. ६एल६जीसी चा हीटर ०.९ अँपिअरचा, चारांचे ३.६. ईएल३४ च्या चारांना ६ लागतात. वाइंडिंग तेवढं देणारं नसेल तर ट्रान्सफॉर्मर तापत राहतो आणि हीटरचं व्होल्टेज ६ च्या खाली उतरतं. शिवाय ईएल३४ मध्ये १ नंबर पिनवर सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची आणखी एक जाळी) असतो, तो ८ नंबरला, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला), जोडावाच लागतो. ६एल६जीसी ची ती पिन रिकामी असते, म्हणून काही कारखानदार सॉकेटच्या त्या टोकावर दुसराच एखादा रेझिस्टर टेकवतात. न बघता ईएल३४ खोचली तर काय होईल हे त्या रेझिस्टरवर अवलंबून.

उलट दिशेचा बदल, ईएल३४ च्या जागी ६एल६जीसी, पुष्कळ सोपा. मात्र ग्रिड-लीक रेझिस्टर (ग्रिडला बायसच्या व्होल्टेजशी जोडणारा) बघा. फिक्स्ड बायसमध्ये (ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज दिलेलं असतं तेव्हा) ६एल६जीसी साठी तो १०० किलोओहमपेक्षा मोठा नसावा. ईएल३४ च्या सर्किटमध्ये २२० किंवा ४७० किलोओहम सर्रास असतात.

प्रश्न : बायस मोजायचा नेमका कसा?

प्रत्येक कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहम, १ टक्का अचूकतेचा, १ वॉटचा रेझिस्टर हवा. त्यावर ०.४७ व्होल्ट दिसले की करंट ४७ मिलिअँपिअर. त्यातले ५-६ स्क्रीनचे (प्लेटच्या आधीच्या जाळीचे), उरलेले प्लेटचे. मोजण्याआधी स्पीकर जोडलेला असू द्या आणि अ‍ॅम्प्लिफायर २० मिनिटं तापू द्या. एका ट्यूबचा बायस फिरवला की मुख्य व्होल्टेज हलतं आणि बाकीच्या तीनही हलतात, म्हणून फेरी दोनदा-तीनदा करा. आत ४०० व्होल्टच्या वर असतात. एक हात खिशात ठेवूनच प्रोब लावा. बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे झालेत का, हे मीटरने बघितल्याशिवाय बोट आत घालू नका.

प्रश्न : दोन कंपन्यांच्या ईएल३४ मधला आवाजाचा फरक खरा की मनाचे खेळ?

दोन्ही असू शकतं, म्हणून पडताळा नीट घ्या. प्रत्येक संचाचा बायस नव्याने लावा. मग १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर २ व्होल्ट एसी येतील असा व्हॉल्यूम ठेवा. दुसऱ्या संचालाही तेच २ व्होल्ट, फरक ०.०२ पेक्षा जास्त नको. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी ‘जास्त मोकळा’ वाटतो. ट्यूबच्या बहुतेक वर्णनांचं मूळ तिथेच आहे.

खरा फरक कमी फीडबॅकच्या (आउटपुटचा अंश मागे देऊन चूक सुधारायची युक्ती) सर्किटमध्ये जास्त दिसतो. तिथे ट्यूबचा अंतर्गत रोध अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पीडन्समध्ये (एसीला होणाऱ्या रोधात) उतरतो. स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो तिथे आवाज थोडा उठतो, जिथे उतरतो तिथे दबतो. म्हणून एकच ट्यूब दोन घरांत वेगळी वाजते. २० डेसिबल फीडबॅक असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये महागड्या संचावर पैसे घालण्याआधी मी आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे बघेन.

प्रश्न : एक ट्यूब दहा मिनिटांनी आतून लाल होते. नवी लावली तरी तेच.

लाल दिसली की ताबडतोब बंद करा; तशीच चालू ठेवली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. नवीही लाल होते म्हणजे दोष सॉकेटच्या बाजूला आहे. पॉवर ट्यूब काढा, ड्रायव्हर ट्यूब राहू द्या, चालू करून तापू द्या आणि ५ नंबर पिनवरचं उणे व्होल्टेज शेजारच्या सॉकेटशी ताडून बघा. शेजारी उणे ३८ आणि इथे उणे २९ असेल, तर कपलिंग कपॅसिटर (ड्रायव्हरकडून ग्रिडला सूर नेणारा) गळतोय. मूळच्याइतक्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घाला, आणि दुसऱ्या बाजूचाही त्याच वेळी बदला. मुळीच उणे नसेल तर पॉटचा सरकता संपर्क किंवा ग्रिड-लीक रेझिस्टर तुटला आहे.

काचेच्या आतल्या अंगावर निळी झाक दिसते तिला घाबरू नका. इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळट धुकं दिसलं तर ट्यूबमध्ये वायू शिरलाय. आणि वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर ती ट्यूब संपली.

प्रश्न : खोक्यावर ‘३८’, ‘३९’ असे आकडे असतात. जोडी त्यावरून निवडायची का?

एकाच विक्रेत्याचे असतील तरच. तो आकडा बहुधा त्याच्या टेस्टरवरच्या व्होल्टेजचा प्लेट करंट असतो, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला नव्हे. जोडी जुळलेली लागते कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन करंट एकमेकांचं चुंबकत्व खोडतात. पाचेक मिलिअँपिअरपेक्षा जास्त तफावत पडली की खर्जाचे सूर आधी फाटतात. प्रत्येक ट्यूबला वेगळा बायस पॉट असेल तर ही तफावत तुम्हीच मिटवू शकता. दोन्ही कॅथोडना मिळून एकच रेझिस्टर असेल, तर मात्र जुळलेल्या जोडीलाच पैसे द्या.